खारीच्या पाठीवरची बोटे : मुलांना कारणकथा लिहावयास शिकविण्याविषयी

खारीच्या पाठीवर पट्टे का असतात, हे ज्याला लहानपणी कोणी सांगितले नाही असा मराठी माणूस विरळा. सेतू बांधला जात होता, वानर डोंगर उचलून आणीत होते, आणि एक खार अंग ओले करून वाळूत लोळे व ती वाळू सेतूवर जाऊन झाडी. रामाने तिला उचलून घेतले, तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरविली, आणि ती बोटे आजही दिसतात. 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग आपण वर्गणीच्या पावतीपासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सर्वत्र वापरतो, तो याच कथेतला. गंमत अशी की, वाल्मीकीच्या रामायणात ही कथा नाही. ती लोकांनी रचली आणि लोकांनीच सांभाळली. दुसरी गंमत अशी की, दक्षिणेकडच्या खारीच्या पाठीवर तीन फिके पट्टे असतात आणि उत्तरेकडच्या खारीच्या पाठीवर पाच. महाराष्ट्रात दोन्ही जाती आढळतात. पाच पट्ट्यांची खार पाहून कोणी पाच बोटांची कथा सांगितली, तरी तिला हरकत घेता येणार नाही. हाताला बोटे पाचच आहेत. कथा रचणाऱ्याला एवढी सवड असतेच.

अशा कथांना लोकसाहित्याचे अभ्यासक उत्पत्तिकथा म्हणतात. आम्ही मुलांशी बोलताना 'कारणकथा' हा सोपा शब्द वापरतो, आणि या लेखातही तोच वापरणार आहोत. प्राण्याच्या अंगावर एखादी खूण आहे. ती कशी आली हे सांगणारी गोष्ट ती कारणकथा. आमच्या कामगार संघटनेच्या कार्यालयाला लागून एक खोली आहे. इतर दिवशी तेथे कंत्राटी कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरले जातात, आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा वर्षांची पंचवीस-तीस मुले सतरंजीवर बसून कारणकथा लिहितात. हे काही वर्षे चालू आहे. संघटनेच्या माणसांनी पगारवाढ सोडून खारीच्या मागे का लागावे, असा प्रश्न आम्हाला आमच्याच सभासदांनी विचारला आहे. 'का?' या प्रश्नाशी कामगाराचा जितका संबंध येतो तितका क्वचितच कोणाचा येत असेल. पगार का कापला, पाळी का बदलली, फाटकाला कुलूप का लागले. प्रत्येक 'का'ला वरून एक तयार गोष्ट येते. ती गोष्ट कशी बनविली आहे हे ओळखावयाचे, तर स्वतः एखादी बनवून पाहिलेली बरी. लहान वयात, खारीपासून सुरुवात केली तर हे हसत-खेळत होते.

कारणकथेची बांधणी उलटी असते. इतर गोष्टी लिहिताना कोठे पोहोचावयाचे ते वाटेत ठरले तरी चालते. येथे शेवट आधीच ठरलेला असतो. तो प्राण्याच्या अंगावर सर्वांना दिसत असतो. लिहिणाऱ्याने तेथून मागे जावयाचे असते. खूण नव्हती तेव्हा प्राणी कसा होता, मग काय घडले, आणि त्या घडण्याने नेमकी हीच खूण का उमटली, एवढे ठरवावयाचे. यातले पहिले दोन भाग मुले चुटकीसरशी करतात. तिसऱ्यापाशी सगळे अडते. वाघाने हरणाशी भांडण केले आणि वाघाच्या अंगावर पट्टे आले, असे एक मुलगा लिहितो. भांडणाने पट्टे कसे येतील, असे विचारले की तो म्हणतो, "आले." आमच्यातील एक जुने फिटर अशा वेळी खिट्टी आणि खाचेचा दाखला देतात. खिट्टी चौकोनी आणि खाच गोल असेल, तर हातोडा कितीही मारा, सांधा बसावयाचा नाही.

या सांध्याचा आमच्या माहितीतील सर्वांत सुरेख नमुना महाभारताच्या आदिपर्वात आहे. विनतेला दास्यातून सोडावयाचे तर अमृत आणून दे, असे नागांनी गरुडाला सांगितले. गरुडाने अमृत आणले, दर्भावर ठेवले, आणि स्नान करून शुचिर्भूत होऊन ते प्या असे बजाविले. नाग स्नानाला गेले तेवढ्यात इंद्राने अमृत उचलून नेले. परत आलेल्या नागांनी, निदान अमृताचा ओघळ तरी लागलेला असेल, या आशेने तो दर्भच चाटला. दर्भाची पाती धारदार. जिभा चिरल्या आणि दोन झाल्या. येथे कोणी कोणाला शाप देत नाही. हावरटपणा आहे, फसवणूक आहे, पण जीभ चिरली ती पात्याने. ज्याचा हात एकदा तरी गवताने कापला आहे त्याला हे कारण वेगळे पटवून द्यावे लागत नाही. आम्ही ही कथा सांगतो तेव्हा मुले आपापल्या बोटांकडे पाहतात. कथा खरी नाही हे त्यांना ठाऊक असते, तरी सांधा पक्का बसल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

आणखी एक गोष्ट अशी की, कारणकथेतला प्राणी जगला पाहिजे. हे आमच्या ध्यानात एका कासवामुळे आले, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. पंचतंत्रातील कंबुग्रीव कासव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. संकट आणि विकट या दोन हंसांनी काठी धरली, कासवाने ती मध्ये तोंडात धरली, आणि खालच्या लोकांचा गलबला ऐकून बोलावयास गेले ते पडून मेले. बोध मिळाला, पण कासवाच्या पाठीबद्दल आपल्याला काहीच कळले नाही. आता नायजेरियातील इग्बो लोकांमध्ये सांगितली जाणारी कासवाची कथा पाहा. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत एक आई ती आपल्या मुलीला सांगते. दुष्काळ पडला असताना पक्ष्यांना आकाशात मेजवानीचे आमंत्रण आले. कासवाने गोड बोलून प्रत्येक पक्ष्याकडून एकेक पीस मिळविले, पंख बनविले, आणि वाटेत सर्वांना सांगितले की, अशा समारंभाला नवे नाव घेऊन जावयाची चाल आहे. स्वतःचे नाव त्याने घेतले 'तुम्ही सगळे'. वर गेल्यावर यजमानांनी पाने वाढली. कासवाने विचारले, हे कोणासाठी? उत्तर आले, तुम्हा सगळ्यांसाठी. झाले, कासव जेवावयास बसले. संतापलेल्या पक्ष्यांनी आपापली पिसे परत घेतली. कासवाने घरी निरोप पाठविला की, घरातल्या मऊ वस्तू अंगणात काढून ठेवा; निरोप्या पोपटाने, कठीण वस्तू काढा, असे सांगितले. कासव त्यांवर पडले, कवचाचे तुकडे झाले, आणि वैद्याने ते जोडून दिले. म्हणून कासवाची पाठ गुळगुळीत नसते.

दोन्हीकडे कासव आकाशातून पडते. आपले मेले म्हणून नीतिकथा झाली; त्यांचे जोडून वाचले म्हणून कारणकथा झाली. मेलेल्याच्या अंगावरची खूण पुढच्या पिढीपर्यंत जाणार कशी? मुलांच्या कथांत शेवटी प्राणी मारून टाकण्याची फार हौस असते, आणि मग 'तेव्हापासून' लिहावयाची वेळ आली की ती पेन्सिल चावीत बसतात. आम्ही दोन्ही कासवे त्यांच्यापुढे ठेवतो. निराळा नियम सांगावा लागत नाही. 'तुम्ही सगळे' हे नाव घेऊन सर्वांचे पान एकट्याने ओढणारे कासव आम्हाला, संघटनेच्या माणसांना, ओळखीचे वाटते, हे जाता जाता नमूद करतो.

आता प्रत्यक्ष शिकविण्याकडे वळू. मुलांना 'एखाद्या प्राण्यावर कारणकथा लिहा' एवढेच सांगितले तर तीसपैकी वीस मुले हत्तीची सोंड आणि जिराफाची मान निवडतात. यांतील बहुतेकांनी जिराफ पाहिलेला नसतो. तो पुस्तकात पाहिलेला असतो, आणि पुस्तकातल्या जिराफावर पुस्तकातलीच गोष्ट सुचते. म्हणून पहिला रविवार आम्ही लिहू देत नाही. आपल्या गल्लीत, चाळीत, कचराकुंडीपाशी जे प्राणी येतात त्यांतील एक निवडावयाचा आणि आठवडाभर पाहावयाचा. पाल, कावळा, म्हैस, शेळी, कोंबडा, साळुंकी, कुत्रा. गाढव मिळाले तर भाग्यच. पुढच्या रविवारी पाहिलेले तोंडी सांगावयाचे. जे सर्वांनी आधीच पाहिले आहे ते मोजले जात नाही. 'म्हशीला शिंगे असतात' यावर कोणी मान डोलावीत नाही. पण एका मुलाने येऊन सांगितले की, शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते, आडव्या चिरेसारखी असते; त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सगळी मुले शेळी शोधावयास गेली. बक्री ईदचे दिवस जवळ होते, वस्तीत शेळ्या-बोकडांची वाण नव्हती. आमच्यापैकी कित्येकांचे बालपण शेळ्या राखण्यात गेले, पण ती आडवी बाहुली आम्हालाही त्या मुलाने दाखविली.

पाहिल्यानंतर सांगणे, आणि सांगितल्यानंतर लिहिणे. हा क्रम आम्ही मोडत नाही. कथा प्रथम शेजाऱ्याला तोंडी सांगावयाची, आणि शेजाऱ्याने एकच प्रश्न विचारावयाचा : "पण त्यामुळे असं कसं झालं?" या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल उचलावयाची नाही. लिहितानाही शुद्धलेखनाची लाल शाई आम्ही पहिल्या खेपेस बाहेर काढीत नाही. मुले वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या घरांतली आहेत. काही घरांत भोजपुरी बोलतात. गाढवाने प्रमाण मराठीत बोलावे असा आग्रह आम्ही धरीत नाही. अहिराणीत भांडणारी कोंबडी आमच्याकडे आहे, आणि ती चांगली भांडते.

दोन गोष्टींना मात्र सक्त मनाई आहे. पहिली म्हणजे शाप आणि वर. मुलांची कथा अडली की एक साधू येतो, कमंडलूतले पाणी शिंपडतो, आणि हवी ती खूण हव्या त्या जागी उगवते. या मनाईबद्दल काही पालक आमच्यावर रागावले. ही मंडळी मुलांना नास्तिक करीत आहेत, असे म्हणाले. आमचे म्हणणे कारागिरीपुरते आहे. साधूच्या पाण्याने जशी शेपूट येते तसेच शिंगही येते, पंखही येतात. ज्या कारणाने काहीही होऊ शकते, ते कारण या एका खुणेचे आहे असे कसे म्हणावे? रामाच्या कथेतही पाठीवरून बोटे फिरली म्हणून बोटांचेच पट्टे उमटले आहेत; जुन्या रचनाकारांना हे पथ्य ठाऊक होते. दुसरी मनाई तात्पर्याला. शाळेत प्रत्येक धड्याखाली तात्पर्य लिहिण्याची सवय इतकी मुरलेली असते की, 'तेव्हापासून पालीची शेपटी तुटते' या वाक्यानंतरही मूल लिहून जाते, 'म्हणून आईवडिलांचे ऐकावे.' आम्ही तेवढी ओळ खोडून वही परत देतो. बिचारे मूल गोंधळते. त्याला वाटते, आईवडिलांचे ऐकू नये असे आमचे म्हणणे आहे की काय.

या वर्गात एकदा एक प्रसंग घडला. विषय होता कावळा. एका मुलाने चांगली घोटीव कथा वाचून दाखविली. कावळा पूर्वी हंसासारखा पांढरा होता; त्याने राजाच्या ताटातला घास चोरला, राजाच्या आचाऱ्याने त्याच्यावर काजळीचे भांडे उपडे केले, तेव्हापासून तो काळा. सांधा बसला होता, शाप नव्हता, तात्पर्य नव्हते. मुलांनी टाळ्या वाजविल्या. भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी उठली. रंगाने ती सावळ्याहूनही गडद आहे आणि वस्तीतली मुले तिला ज्या नावाने हाका मारतात ते येथे लिहावयाचे कारण नाही. ती म्हणाली, "काका, मग मी काय चोरलं होतं?"

कोणी हसले नाही. ज्याची कथा होती तो मुलगा खाली बघत राहिला. त्याचा त्यात दुष्टपणा नव्हता. त्याने जी कथा रचली ती, त्याला ठाऊक नसताना, दोन हजार वर्षे जुनी होती. रोमन कवी ओव्हिड याच्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्यात, चहाडी करणाऱ्या शुभ्र डोमकावळ्याला अपोलो देव काळा करून टाकतो. काळेपणा म्हणजे शिक्षा, हे समीकरण इतके जुने आणि इतके पसरलेले आहे की, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते आपोआप येते. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचेच पाहा. १८६५ साली जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या या लेखकाने १९०२ साली 'जस्ट सो स्टोरीज' हे पुस्तक काढले. हत्तीच्या पिलाचे आखूड नाक मगरीने ओढून लांब केले, ही कथा त्यातलीच. सांधा म्हणाल तर दर्भाच्या तोडीचा. या कथा तो आपल्या लेकीला झोपताना सांगे, आणि एक शब्दही बदललेला तिला चालत नसे. पुस्तक निघण्यापूर्वीच, १८९९ साली, ती मुलगी गेली. किपलिंगचे साम्राज्यप्रेम आम्हाला मुळीच प्रिय नाही, पण कारणकथा बांधण्यात त्याचा हात धरणारा आम्ही पाहिलेला नाही. त्याच पुस्तकात बिबट्याच्या ठिपक्यांची कथा आहे. तेथेही बोटेच आहेत : एक इथिओपियन माणूस पाच बोटांचे ठसे बिबट्याच्या अंगावर उमटवितो. पण त्याआधी तो माणूस, जंगलाच्या सावलीत लपता यावे म्हणून, स्वतःची कातडी बदलून काळी करून घेतो. बिबट्याचे ठिपके आणि माणसाच्या कातडीचा रंग, दोहोंची उत्पत्ती एकाच कथेत, एकाच सुरात सांगितलेली आहे. खारीपासून माणसापर्यंत यावयास कारणकथेला एवढेच अंतर चालावे लागते.

आपल्याकडे ते अंतर फार पूर्वीच चालून झाले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात चार वर्णांचा संबंध पुरुषाचे मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी लावलेला आहे. काव्य म्हणून त्याची थोरवी जाणकार सांगतील; आम्ही येथे बांधणीपुरते पाहतो. खूण आधी दिसते आहे : कोणी पूजा सांगतो, कोणी मेलेले ढोर ओढतो. तिथून मागे जाऊन एक आरंभ सांगितला, आणि पुढे 'तेव्हापासून'. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त या मुखापासून झालेल्या जन्माच्या कथेला धोंडिबाशी केलेल्या संवादातून प्रश्न विचारले, ते सांध्याचेच प्रश्न आहेत. असे जन्मले तर कसे जन्मले, मग पुढे काय झाले, इतर देशांतल्या माणसांचे काय. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारावयाचा "पण त्यामुळे असं कसं झालं?" हा प्रश्न आम्ही वर्गात ठेवला आहे, तो जोतीरावांच्या घरचा आहे असे आम्ही मानतो.

त्या मुलीने पुढच्या रविवारी स्वतःची कथा आणली. तिने कावळा नीट पाहिला होता. आपल्या गल्लीतला कावळा सगळा काळा नसतो, त्याची मान आणि छाती करड्या रंगाची असते. सगळा काळा तो डोमकावळा. तिच्या कथेत एका पावसाळ्यात साऱ्या वस्तीच्या चुली विझतात, आणि कावळा डोंगरापलीकडच्या लोहाराच्या भट्टीतून चोचीत निखारा धरून आणतो. धुराने अंग काळे होते, निखाऱ्याची राख उडून मानेवर बसते. दारोदार निखारा देता देता राख झाडावयाची राहून जाते. काजळीच्या भांड्याच्या कथेत करड्या मानेचा हिशेब नव्हता. या कथेत तो लागला होता. ज्याने पहिली कथा लिहिली होती त्यानेच हे सर्वांच्या आधी ओळखून सांगितले. आम्ही शिक्षेच्या कथांवर बंदी घातलेली नाही, कारण बंदीने काही साधत नाही. पण शिक्षेची कथा वाचून झाली की आता दोन प्रश्न विचारले जातात : शिक्षा कोणी दिली, आणि ही गोष्ट कोण सांगतो आहे?

वहीची रचना अशी असते. डाव्या पानावर कथा, उजव्या पानावर शोध. कथा आधी, शोध नंतर. उलट केले तर डावे पान कोरडे पडते. उजव्या पानासाठी वाचनालयातली पुस्तके आणि वस्तीतल्या महाविद्यालयीन मुलांची मदत घेतो. शेळीची आडवी बाहुली दोन्ही बाजूंना दूरवर जमिनीलगत पाहावयास उपयोगी पडते, आणि चरण्यासाठी मान खाली घातली तरी डोळा खोबणीत फिरून बाहुली जमिनीशी समांतर राहते. हे २०१५ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. मुलांनी चरणाऱ्या शेळीसमोर पालथे पडून खात्री करून घेतली. सापाची दुभंगलेली जीभ हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण टिपते. दोन टोके दोन जागचे कण टिपत असल्यामुळे भक्ष्य कोणत्या बाजूला गेले हे त्याला कळते. कर्ट श्वेंक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९९४ साली याची मांडणी केली. पट्ट्यांबद्दल २०१६ साली असे आढळले की, आफ्रिकेतल्या एका पट्टेदार उंदराच्या पाठीवर जेथे फिका पट्टा पडावयाचा असतो तेथे एक विशिष्ट जनुक जोराने काम करते आणि रंग बनविणाऱ्या पेशींना पुरते पक्व होऊ देत नाही. हे ऐकून एका मुलाने विचारले, "म्हणजे रामाची बोटं आतून फिरली?" याला आम्ही उत्तर दिले नाही, प्रश्न उजव्या पानावर लिहून ठेवावयास सांगितला.

डाव्या आणि उजव्या पानांत एक मोठे भांडण आहे, ते मुलांपासून लपवू नये. कारणकथा असे धरून चालते की, एकाच्या अंगावर खूण उमटली की ती त्याच्या साऱ्या वंशाला मिळते. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०९ साली जवळजवळ हेच म्हटले होते : जिराफाने पाल्यासाठी मान ताणली, ती लांबली, पिलांना लांब मान मिळाली. शास्त्राने हे पुढे सोडून दिले. वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात पिढ्यानपिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पिले शेपटीसकट जन्मत राहिली. आमच्या मुलांना उंदरांची गरज नाही. प्रेस मशीनमध्ये बोट गेलेले बाप वस्तीत आहेत. "तुझ्या भावाची बोटं मोज," एवढे म्हटले की लामार्क निकालात निघतो. प्राण्यांत फरक जन्मतःच थोडाथोडा असतो, ज्यांना तो उपयोगी पडतो ती अधिक जगतात, अधिक पिले मागे ठेवतात, आणि हजारो पिढ्यांत खूण पक्की होते. १८५९ साली डार्विनने मांडलेले हे कारण मुलांना कथेपेक्षा अवघड वाटते, कारण त्यात नायक नाही आणि 'एके दिवशी' नाही. पण शास्त्रज्ञांनाही 'एके दिवशी'चा मोह सुटत नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७८ साली आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना सुनावले की, एखादा अवयव दिसला की त्याच्या उपयोगाची गोष्ट रचून मोकळे होणे म्हणजे किपलिंगच्या कथा लिहिणे होय. उजव्या पानावर म्हणून आणखी एक ओळ असते : हे खोटे ठरावयाचे असेल तर काय दिसले पाहिजे?

ही ओळ मोठ्यांच्या कथांनाही लावून पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या कापड गिरण्या का बंद पडल्या, असे आज कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते : १८ जानेवारी १९८२ रोजी संप झाला, तेव्हापासून. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप मोठाच होता आणि त्याने फार मोडतोड केली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आजारी गिरण्या चालविण्यासाठी सरकारला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ सालीच काढावे लागले होते, आणि आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ चा आहे. जुनी यंत्रे, भिवंडी-इचलकरंजी-मालेगावचे यंत्रमाग, आणि सोन्याच्या भावाला पोहोचलेली जमीन यांचा त्या कथेत पत्ताच नाही. गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी करणारी नियमावली १९९१ साली आली. तिला संपाच्या 'तेव्हापासून'मध्ये कोणत्या खाचेत बसवावयाचे? आमच्या व्यासपीठांवरूनही एका कारणाची कथा सांगितली जाते, 'मालक लोभी होता, तेव्हापासून'. तिला टाळ्या भरपूर पडतात, पण शेजाऱ्याचा प्रश्न तिलाही चुकत नाही. मुलांना आम्ही गिरण्यांचा इतिहास शिकवीत नाही. त्यांचे आजोबा शिकवितात, आणि अलीकडे ती आजोबांना मधेच थांबवून "पण त्यामुळे असं कसं झालं?" म्हणू लागली आहेत, अशी तक्रार आमच्याकडे आली आहे.

घरी कोणास हे करून पाहावयाचे असेल तर साहित्य म्हणजे एक दुरेघी वही आणि एक प्राणी. घाई करू नये. एका कथेला आम्ही चार रविवार देतो. मूल अडले तर त्याला कथा सुचवू नये, प्राण्याकडे परत पाठवावे.

सध्या आमच्याकडे पालीचा विषय चालू आहे. संकट आले की पाल शेपटी टाकून पळते आणि शेपटी पुन्हा येते, पण नवी शेपटी जुनीसारखी नसते. तिच्यात मणक्यांच्या जागी कूर्चेचा दांडा असतो आणि रंगही थोडा निराळा दिसतो. एका मुलाच्या घरात ट्यूबलाइटजवळ एक बांडी पाल आहे. तो वडिलांची फूटपट्टी घेऊन स्टुलावर उभा राहतो, लांबूनच अदमास घेतो आणि दर रविवारी उजव्या पानावर तारीख टाकून एक रेघ काढतो. रेघा हळूहळू लांब होत आहेत. त्याचे डावे पान अजून कोरे आहे. विचारले तर म्हणतो, "आधी शेपटी पुरी होऊ द्या, मग गोष्ट लिहितो."